टार्टर: बाटलीच्या तळाशी, दातांच्या मागे आणि पाताळात एकच शब्द

सोमेश्वरची_वेल

नमस्कार मंडळी,

नाशिकजवळच्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत मी गेली अकरा वर्षं काम करते. शनिवार-रविवारी गर्दी वाढली की टेस्टिंगच्या काउंटरवर मदतीला जाते. पंधरा दिवसांपूर्वी नाशिकरोडचं एक कुटुंब बाटली परत घेऊन आलं. शेनिन ब्लां, पांढरी वाइन. घरी आठवडाभर फ्रीजमध्ये होती. पेल्यात ओतली तेव्हा तळाशी बारीक चकाकणारे कण दिसले आणि काका घाबरले. "काच आहे हो यात. घरात नातवंडं आहेत."

मी बाटली उजेडासमोर धरली. थोडे कण चमच्यात घेऊन त्यावर कडकडीत पाणी ओतलं. बघता बघता विरघळले. काच विरघळत नाही. मग एक कण त्यांच्यासमोरच जिभेवर ठेवला. आंबट लागतो, दाताखाली कुरकुरतो. म्हटलं, "काका, हे टार्टर आहे. द्राक्षातलंच." यावर काकू म्हणाल्या, "टार्टर? दातांवरचं? ते वाइनमध्ये कसं आलं?"

बाटली बदलून दिली. पण काकूंचा प्रश्न मनातून जाईना. शब्द रोज तोंडात आहे आणि तो आला कुठून हे मला धड माहीत नव्हतं. तेव्हापासून जे वाचलं ते इथे लिहिते आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

आधी वस्तू. बहुतेक फळांचा आंबटपणा मॅलिक किंवा सायट्रिक आम्लाचा असतो. द्राक्षाचं वेगळं आहे, त्यात टार्टारिक आम्ल मुख्य. इतकं टार्टारिक आम्ल साठवणारी फळं फार थोडी, आणि आपल्या ओळखीतलं दुसरं मोठं नाव म्हणजे चिंच. वेलीच्या मुळांतून पोटॅशियम वर येतं, ते या आम्लाशी जोडलं जातं आणि एक क्षार तयार होतो: पोटॅशियम बायटार्ट्रेट. रसात तो विरघळून राहतो. रस आंबू लागला, अल्कोहोल वाढलं, की त्याला विरघळायला जागा कमी पडते. थंडी पडली की आणखी कमी. साध्या पाण्यातसुद्धा २० अंशांना लिटरमागे जेमतेम पाच-सहा ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात मात्र ६० ग्रॅमच्या आसपास. म्हणून काकांच्या फ्रीजमध्ये कण पडले आणि माझ्या चमच्यातल्या गरम पाण्यात नाहीसे झाले.

जुन्या काळी वाइन लाकडी पिंपांत मुरायची तेव्हा हा क्षार पिंपाच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं थरावर थर चढायचा. लाल वाइनचा असेल तर जांभळट, पांढरीचा करडा. तो खरवडून विकत. जर्मन लोक त्याला सरळ 'वाइनचा दगड' म्हणतात. तो शुद्ध करून पांढरी पूड केली की झालं बेकरीतलं क्रीम ऑफ टार्टर.

आम्ही आता वाट बघत बसत नाही. भरण्याआधी वाइन स्टीलच्या टाकीत उणे चार अंशांपर्यंत गार करतो आणि काही दिवस तशीच ठेवतो. जे खाली बसायचं ते टाकीतच बसतं. मार्चच्या उन्हात हजारो लिटर वाइन शून्याखाली ठेवायची म्हणजे विजेचं बिल काय येत असेल याचा अंदाज करा. टाकी रिकामी झाली की आतून पांढरा कडक थर दिसतो. धुणारी मंडळी म्हणतात, "या खेपेला खार लई निघाला." एवढं करूनही कधीतरी थोडा क्षार वाइनमध्ये राहतो आणि ग्राहकाच्या फ्रीजमध्ये बसतो. त्यानं चव बिघडत नाही, प्रकृतीला काही होत नाही.

आता शब्द. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'टार्टारम', त्याआधी बायझंटाइन ग्रीकमध्ये 'टार्टारॉन'. त्याच्या मागे काही कोशकार अरबीतल्या 'दुर्दी', फारसीतल्या 'दुर्द' या शब्दाकडे बोट दाखवतात. दुर्द म्हणजे मद्याच्या तळाचा साका. सगळे अभ्यासक हे मान्य करत नाहीत. मला स्वतःला ही वाट पटते, कारण किमयेची बरीचशी शब्दसंपत्ती युरोपात अरबीतूनच गेली. अल्कोहोल आणि अल्कली हे दोन्ही शब्द त्याच रस्त्याचे.

दातांपर्यंत हा शब्द पोचवला तो पॅरासेल्ससने. स्वित्झर्लंडमधला वैद्य, १४९३ ते १५४१. खनिजं आणि किमया यांत आयुष्य घालवलेला माणूस. वाइनच्या पिंपात खडा धरतो तसाच माणसाच्या शरीरातही धरतो, असं त्यानं मांडलं. मूतखडा, पित्ताशयातला खडा, संधिवातात सांध्यांत साचणारं, दातांवर जमणारं, सगळं त्याच्या मते एकाच जातीचं: अन्नातून जे नीट वेगळं होऊन बाहेर पडत नाही ते आत खडा धरून बसतं. या सगळ्याला त्यानं पिंपातला शब्द दिला. वर असंही म्हणाला की हे दुखणं टार्टारसच्या आगीसारखं जाळतं.

टार्टारस म्हणजे ग्रीकांचं सर्वांत खोल पाताळ. हेसिअड हा ग्रीक कवी त्याची खोली ऐरणीनं मोजतो. आकाशातून ऐरण सोडली तर नऊ दिवस नऊ रात्री पडत दहाव्या दिवशी पृथ्वीवर पोचेल, आणि पृथ्वीवरून सोडली तर पुन्हा तितक्याच अवधीनं टार्टारसमध्ये. देवांशी लढून हरलेले टायटन, म्हणजे आधीच्या पिढीचे देव, तिथे कोंडले आहेत. म्हणजे वाइनचा साका आणि हे पाताळ मुळात वेगळे शब्द असावेत; पॅरासेल्ससनं त्यांचा एकमेकांत पाय अडकवला.

मध्य आशियातले 'टार्टर' लोक हा आणखी तिसराच शब्द. त्याबद्दल इथे कुणी जाणकार असतील त्यांनी लिहावं.

आता मागणं. काउंटरवर ठेवायला मला एक छोटं मराठी कार्ड करायचं आहे. "बाटलीच्या तळाशी कण दिसले तर घाबरू नका, ते ... आहेत." त्या टिंबांच्या जागी काय लिहू? टार्टर लिहिलं की लोकांना दात आठवतात.

---

दाढेवाला_पंचवटी

उत्तम धागा. मी दातांचा डॉक्टर आहे, त्यामुळे माझ्या बाजूनं भर घालतो.

दातांवरच्या टार्टरमध्ये टार्टारिक आम्लाचा किंवा त्याच्या क्षाराचा काही संबंध नाही. तो मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट आहे, हाडाच्या आणि दाताच्या खनिजाच्याच घराण्यातला. दातांवर जंतूंचा मऊ चिकट थर रोज धरतो. तो वेळेवर निघाला नाही की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरतं आणि थराचा दगड होतो. मग ब्रशनं निघत नाही. सर्वांत जास्त कुठे साचतो ते आरशात बघा: खालच्या पुढच्या दातांची जिभेकडची बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडची बाजू. लाळग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच उघडतात.

रोज एक तरी पेशंट विचारतो, "आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, म्हणून होतं का?" त्यांना सांगतो की बादलीतल्या पाण्यापेक्षा तोंडातल्या लाळेकडे बघा.

आम्ही याला कॅलक्युलस म्हणतो. तोही लॅटिनच, अर्थ लहानसा खडा. खडे मांडून हिशेब करत म्हणून त्याच शब्दातून कॅलक्युलेटर आला. म्हणजे आमच्या विषयातले दोन्ही शब्द शेवटी खड्यापाशीच येऊन थांबतात.

आणि मराठीत याला सुंदर शब्द आहे. माझी आजी म्हणायची, "दातांना किटण धरलंय." हल्लीच्या पेशंटना मी किटण म्हटलं तर कळत नाही, टार्टर म्हटलं की कळतं. मला याचं वाईट वाटतं.

---

मोगरा७२

किटण! कित्येक वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे समईच्या तळाशी धरणाऱ्या तेलाच्या थरालाही किटणच म्हणत.

---

यवतुष

किटण हा शब्द संस्कृत 'किट्ट'मधून आला आहे, आणि इथे मला पॅरासेल्ससचा सिद्धांत वाचून फार आश्चर्य वाटलं. मी आयुर्वेद शिकवते. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हेच सांगतात: अन्नाचं पचन झालं की त्याचे दोन भाग होतात, सार आणि किट्ट. सारानं रक्त-मांसासारख्या शरीरातल्या धातूंचं पोषण होतं, किट्ट म्हणजे मळ, तो बाहेर पडायला हवा. पडला नाही की व्याधी. पॅरासेल्ससनं आयुर्वेद वाचला होता असं मी अजिबात म्हणत नाही. दोन ठिकाणच्या वैद्यांनी पोटातल्या घडामोडीकडे एकाच नजरेनं पाहिलं, हेच मला मोठं वाटतं.

दातांचं तर नावच आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांमध्ये 'दंतशर्करा' सांगितली आहे. दातांवर घट्ट झालेला, शर्करेसारखा मळ, जो दातांचे गुण नाहीसे करतो. आणि उपाय काय सांगितला आहे? दातांच्या मुळांना इजा न होऊ देता वैद्यानं ती शर्करा काढावी आणि मग लाखेचं चूर्ण मधात मिसळून तिथे चोळावं. दाढेवाला डॉक्टर, तुमचं स्केलिंग आणि हे यात तत्त्वाचा फरक किती आहे ते तुम्हीच सांगा.

शर्करा या शब्दाबद्दल एक सांगते. त्याचा जुना अर्थ खडे, वाळूची रेव. साखरेचे दाणे तसे दिसतात म्हणून साखरेला तो शब्द मिळाला, आणि फारसी-अरबीतून फिरत तोच युरोपात शुगर झाला. बारीक मूतखड्यालाही सुश्रुतात शर्कराच म्हटलं आहे. म्हणजे दातांवरचं आणि मूत्रमार्गातलं, दोन्हींना एकच नाव. तिकडे पॅरासेल्ससनंही नेमकं हेच केलं.

---

दाढेवाला_पंचवटी

@यवतुष, मुळांना इजा न करता काढावी हे वाक्य मी दवाखान्यात लावणार आहे. आमच्या परीक्षेत याचेच गुण असतात.

---

गोडी_छाटणी

मी निफाड तालुक्यातला. वाइनची द्राक्षं नाहीत, थॉमसन आणि सोनाका. तरीही हे खडे मी ओळखतो.

बाजारभाव पडला त्या वर्षी घरात बायकोनं द्राक्षाचा रस काढून बाटल्या भरल्या होत्या. आठ दिवसांत बाटलीच्या तळाला काचेसारखे कण. आम्ही समजलो साखर बसली. चाखून बघितलं तर आंबट! सगळ्या बाटल्या ओतून दिल्या. आज कळलं की काही बिघडलं नव्हतं.

एक शंका आहे, सोमेश्वरताई. मण्यात गोडी भरताना आम्ही झिरो झिरो फिफ्टी सोडतो, म्हणजे पोटॅशच. तुमच्या त्या खड्यात पोटॅशियम आहे म्हणता. मग जास्त पोटॅश दिलेल्या बागेच्या रसात खडेही जास्त धरतील का?

---

सोमेश्वरची_वेल

दादा, प्रश्न अगदी नेमका आहे. मण्यात पोटॅशियम जास्त उतरलं की टार्टारिक आम्लाचा जास्त भाग त्याच्याशी जोडून बसतो. रसाचा आंबटपणा उतरतो, पीएच वर जातो. खाण्याच्या द्राक्षाला त्याचं काही वाटत नाही, उलट गोड लागतं. वाइनला मात्र ते भोवतं. पीएच वर गेला की लाल वाइनचा रंग निस्तेज होतो आणि जंतूंना मोकळीक मिळते. म्हणून आमच्या करारातल्या बागायतदारांना माती आणि देठ तपासल्याशिवाय पोटॅश देऊ नका असं आम्ही वारंवार सांगतो. त्यातून आपल्या हवेत उष्णतेनं मण्यातलं मॅलिक आम्ल लवकर संपतं, टार्टारिक तेवढं टिकून राहतं. कमी पडलं तर आंबवण्याआधी रसात टार्टारिक आम्ल वरून घालावं लागतं.

आणि वहिनींना सांगा, रस काढल्यावर एक रात्र फ्रीजमध्ये ठेवायचा, सकाळी वरचा नितळ रस हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात काढायचा. खडे खालच्या भांड्यात राहतील.

---

गोडी_छाटणी

सांगितलं तिला. आधी रागानं बघितलं, मग म्हणाली यंदा पुन्हा करून बघू.

---

बखरवाचक

ताईंनी लोकांबद्दल विचारलं आहे. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, त्यांचं नाव टार्टर नाही. तातार. मंगोलियातल्या ओरखोन खोऱ्यात आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत, त्यांत 'तीस तातार' असा उल्लेख आहे. फारसीतही 'तातार'च. दुसऱ्या अक्षरावर रफार नाही. तो युरोपनं चढवला.

कसा चढवला ते बघा. १२४१ मध्ये मंगोल फौजा पोलंड आणि हंगेरीत घुसल्या. एप्रिलमध्ये दोनच दिवसांच्या अंतरानं लेग्नीत्सा आणि मोही इथे युरोपीय सैन्यांचा चुराडा झाला. हे कोण, कुठून आले, कुणालाच कळेना. नाव कानावर आलं होतं तातार, आणि लॅटिन शिकलेल्या पाद्र्यांच्या डोक्यात पाताळ होतं टार्टारस. पाताळातूनच आलेत, असं म्हणून नावात एक 'र' घुसवला गेला. इंग्लंडमधला बखरकार मॅथ्यू पॅरिस लिहितो की फ्रान्सचा राजा नववा लुई आपल्या आईला म्हणाला, एक तर आपण या टार्टरांना त्यांच्या टार्टारसमध्ये परत धाडू, नाहीतर ते आपल्याला स्वर्गात धाडतील. राजाच्या तोंडची कोटी, ती टिकली.

यातला सर्वांत दुःखद भाग पुढे आहे. चंगीजखान मुळात तातार नव्हताच. तातार ही मंगोलांच्या शेजारची शत्रू टोळी. त्याचा बाप येसुगेई याला तातारांनी विष घातलं अशी मंगोलांची स्वतःची परंपरा सांगते. १२०२ मध्ये चंगीजनं तातारांचा पाडाव केला आणि त्यांची कत्तल केली. पुढे युरोप त्याच्या फौजेला हाक मारू लागला ती त्यानं संपवलेल्या टोळीच्या नावानं, आणि तीही पाताळाचा शिक्का मारून.

नंतर युरोपीय नकाशांवर कास्पियनपासून पॅसिफिकपर्यंतचा सगळा प्रदेश 'टार्टरी' झाला. जिथली माहिती नाही तिथे टार्टरी. सखालिन बेट आणि आशियाची मुख्य भूमी यांच्यामधली सामुद्रधुनी आजही तातार सामुद्रधुनी म्हणून ओळखली जाते.

आणि ही माणसं आजही आहेत. व्होल्गाकाठचे तातार आहेत, कझान ही तातारस्तानची राजधानी आहे. क्रायमियाचे तातार आहेत. १८ मे १९४४ पासून अवघ्या दोन-तीन दिवसांत स्तालिनच्या राजवटीनं जवळजवळ दोन लाख क्रायमियन तातारांना मालगाड्यांत कोंबून मुख्यतः उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. वाटेत आणि तिथे पोचल्यावर हजारो मेले. म्हणून माझी सर्व मराठी लिहिणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. इंग्रजी पुस्तकातून उचलून 'टार्टर लोक' असं लिहू नका. तातार लिहा. तो 'र' म्हणजे शिवी आहे.

---

मोगरा७२

बखरवाचक, अंगावर काटा आला. मी हे नाव आयुष्यभर चुकीचं म्हणत आले.

---

पावभाजी_नको_पाव_द्या

मग टार्टर सॉस? कॉलेजरोडला माशाबरोबर वाटीत देतात तो. त्यात वाइनचा खडा असतो की तातार?

---

ओव्हनताई

तातार, म्हणजे त्यांचं नुसतं नाव. फ्रेंच स्वयंपाकातला 'सॉस तार्तार'. मेयोनेजमध्ये बारीक चिरलेली लोणच्याची काकडी, केपर आणि हिरवी पात. क्रीम ऑफ टार्टरचा कणही त्यात नसतो. कच्च्या मांसाच्या 'स्टेक तार्तार'ची एक गोष्ट सांगतात, की तातार स्वार खोगिराखाली मांस ठेवून ते मऊ करत. ती दंतकथा आहे. पदार्थाचं नाव त्याच्यासोबत दिल्या जाणाऱ्या याच सॉसवरून पडलं.

क्रीम ऑफ टार्टरबद्दल मात्र मला बोलायचंच होतं. मी इंदिरानगरला घरून केक करते. अंड्याचा पांढरा भाग फेटताना चिमूटभर घातलं की फेस बसत नाही, आणि साखरेच्या पाकात घातलं तर पाक दाणेदार होत नाही. सोड्याबरोबर मिसळलं की घरची बेकिंग पावडर. इतकी वर्षं मी ती छोटी डबी महाग म्हणून जपून वापरत आले, आणि माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर तीच वस्तू टाकीतून धुऊन काढतात? सोमेश्वरताई, तुमचा तो खार मला मिळेल का?

---

सोमेश्वरची_वेल

टाकीतला तसाच नाही देणार, त्यात यीस्टचा गाळ आणि रंग असतो. तो गरम पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा गार करून खडे पाडावे लागतात, तेव्हा खाण्याजोगा होतो. मोठ्या द्राक्षप्रदेशांत हा जोडधंदाच आहे. नाशिकला कुणीतरी तो नीट उभा करावा असं मला फार मनापासून वाटतं.

---

माळव्याची_सून

एक आठवलं. माझं माहेर इंदूरचं. तिथे वाण्याकडे 'टाटरी' मिळते, पांढरे आंबट खडे, पाणीपुरीच्या पाण्यात घालतात. लिंबाचं सत्त्व असो की चिंचेचं, दोन्हींना टाटरी. हा शब्द टार्टारिकवरूनच आला असणार ना? लग्नानंतर नाशकात मी दुकानात टाटरी मागितली तर कुणाला कळेना. इथे 'लिंबूफूल' म्हणायचं हे सासूबाईंनी सांगितलं.

---

बखरवाचक

टार्टारिकचीच टाटरी. बाजारानं स्वतःच्या जिभेला बसेल असा करून घेतलेला शब्द.

---

तांबट_लेन

मी निवृत्त शिक्षक, रसायनशास्त्र. बालपण जुन्या नाशकात, आजूबाजूला दिवसभर तांब्याच्या हंड्यांवर हातोडीचे ठोके. आमच्याकडे देवाची तांब्याची भांडी चिंचेनं घासत. काळी पडलेली लोटी चिंचेचा कोळ लावताच गुलाबी व्हायची. लहानपणी जादू वाटे.

पुढे वर्गात फेलिंगचं द्रावण, म्हणजे साखर ओळखायचं द्रावण, शिकवताना ती जादू उलगडली. निळा मोरचूद अल्कलीत टाकला तर तांबं गाळ होऊन खाली बसतं. पण त्यात रोशेल मीठ असलं तर टार्ट्रेट तांब्याला धरून ठेवतं आणि द्रावण गडद निळं, नितळ राहतं. चिंचेतलं टार्टारिक आम्ल लोटीवरच्या काळ्या ऑक्साइडला असंच विरघळवून सोबत घेऊन जातं. रोशेल मीठ म्हणजे वाइनच्या याच टार्टरपासून केलेलं सोडियम-पोटॅशियम टार्ट्रेट. ला रोशेल या फ्रेंच बंदरातल्या सेन्येत नावाच्या औषधविक्रेत्यानं ते सतराव्या शतकात रेचक म्हणून काढलं. १८४९ च्या फेलिंगच्या पद्धतीनं पुढे कितीतरी वर्षं मधुमेह्यांच्या लघवीतली साखर तपासली गेली.

टार्टारिक आम्ल वेगळं काढलं ते शेले या स्वीडनमधल्या रसायनशास्त्रज्ञानं, १७६९ मध्ये. पण माझं सर्वांत आवडतं पान १८४८ चं. पंचवीस वर्षांचा लुई पाश्चर. तेव्हा रसायनशास्त्रज्ञांपुढे एक कोडं होतं. वाइनच्या पिंपातलं टार्टारिक आम्ल ध्रुवित प्रकाशाला, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाला, उजवीकडे वळवतं. आल्सेसमधल्या एका कारखान्यात मिळालेलं दुसरं आम्ल घटकांनी अगदी तेच, पण प्रकाशाला वळवतच नाही. पाश्चरनं त्याचा सोडियम-अमोनियम क्षार करून स्फटिक पाडले आणि भिंगाखाली पाहिले. स्फटिक दोन प्रकारचे होते, डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. त्यानं चिमट्यानं एकेक खडा वेचून दोन ढीग केले. एका ढिगाचं द्रावण प्रकाशाला उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं डावीकडे. दोन्ही सारखे मिसळले की काहीच नाही. बियो हा वृद्ध वैज्ञानिक विश्वास ठेवीना, म्हणून हा प्रयोग त्याच्या डोळ्यांसमोर पुन्हा करून दाखवला.

हे स्फटिक असे सुटे पडतात ते साधारण २७-२८ अंशांच्या खाली. त्याहून गरम हवेत डावे-उजवे एकाच खड्यात बांधले जातात आणि वेचायला काही उरत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, पाश्चर नाशिकला असता तर हा प्रयोग डिसेंबरात करावा लागला असता, एप्रिलमध्ये नाही.

त्या मिश्र आम्लाला 'रेसिमिक' म्हणतात. रेसिमस म्हणजे लॅटिनमध्ये द्राक्षाचा घड. आज औषधनिर्मितीत कुठल्याही डाव्या-उजव्या समसमान मिश्रणाला रेसिमिक म्हणतात, आणि त्या शब्दात अजून घड लटकतो आहे.

---

यवतुष

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. टार्टरची औषधाची बाजूही मोठी आहे. टार्टर एमेटिक, म्हणजे अँटिमनी आणि टार्टर यांचा क्षार, उलटी करवायला शतकानुशतकं देत. विषारी औषध. तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगाल-आसामात काळा आजार या जीवघेण्या तापावर दुसरं काही नव्हतं, तेच शिरेतून देत. ते सोसायला रोग्यांना फार जड जायचं. मग १९२० च्या सुमारास उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी कलकत्त्यात अगदी तुटपुंज्या साधनांत युरिया स्टिबामाइन हे अँटिमनीचंच नवं औषध तयार केलं आणि अगणित जीव वाचले.

---

गोडी_छाटणी

कार्डाचं काय झालं? मी सुचवतो: द्राक्षशर्करा. यवतुषताईंनी सांगितलेली दंतशर्करा, तशी द्राक्षशर्करा.

---

तांबट_लेन

फार गोड शब्द, पण तो आधीच गेला आहे. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ग्लुकोजला द्राक्षशर्करा म्हणत. कार्डावर लिहिलंत तर लोक म्हणतील वाइनमध्ये साखर घातली.

---

ओव्हनताई

द्राक्षकिटण?

---

दाढेवाला_पंचवटी

किटण म्हटलं की घाण आठवते. पेल्यात कुणाला नको वाटेल. किटण माझ्याकडेच राहू द्या.

---

बखरवाचक

वर बघा, सोमेश्वरताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये शब्द लिहून ठेवला आहे. टाकी धुणारी माणसं 'खार' म्हणतात. ओव्हनताईंनीही मागताना "तुमचा तो खार" असंच म्हटलं. मग आपण कशाला शोधत बसलो आहोत? द्राक्षखार.

---

तांबट_लेन

रसायनशास्त्राचा मास्तर म्हणून माझा पहिला आक्षेप असा की खार म्हटलं की पापडखार, सज्जीखार डोळ्यासमोर येतात. ते अल्कली. हा तर आम्लधर्मी. पण विचार केल्यावर आक्षेप मागे घेतो. बोअरच्या पाण्यानं नळाला पांढरं धरतं त्यालाही आपण खारच म्हणतो. शिवाय जुने किमयागार हा पिंपातला टार्टर भट्टीत जाळत आणि उरलेल्या राखेला 'टार्टरचं मीठ' म्हणत. ते म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, पक्का अल्कली.

---

यवतुष

आणि आमचा यवक्षारही मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेटच, जवाची झाडं जाळून त्यांच्या राखेतून काढलेला. जवाचा यवक्षार, तसा द्राक्षाचा द्राक्षखार. माझं अनुमोदन.

---

माळव्याची_सून

माझंही. उच्चारायला सोपा आहे, आणि दात आठवत नाहीत.

---

सोमेश्वरची_वेल

मंडळी, काल टाकी धुणाऱ्या मावशींना विचारलं, तुम्ही याला खार का म्हणता. त्या मखमलाबादच्या. म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीला धरतो तसाच हा. दुसरं काय म्हणणार?" कार्डाचा शब्द त्यांचा आहे हे त्यांना सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेऊन वाचलं आणि एक दुरुस्ती सुचवली. मी 'उष्ण जलात विद्राव्य' लिहिलं होतं, ते त्यांनी बदलायला लावलं.

आज सकाळी काउंटरवर ठेवलेला मजकूर असा:

"बाटलीच्या तळाशी चकचकीत कण दिसले तर ती काच नाही. तो द्राक्षखार आहे. द्राक्षातलाच क्षार थंडीनं खाली बसतो. वाइन हळू ओता, तो बाटलीत राहील. शंका वाटली तर चमचाभर कणांवर कडकडीत पाणी घाला, विरघळून जाईल."

नाशिकरोडच्या काकूंचा नंबर बिलावर होता. त्यांना फोन करून किटण, दंतशर्करा आणि तातार, सगळं सांगितलं. चाळीस मिनिटं बोललो. येत्या रविवारी त्या येणार आहेत, टाकी आतून बघायला. ओव्हनताई, तुम्हीही या. पाव किलो खार धुऊन ठेवला आहे, शुद्ध कसा करायचा ते प्रयोगशाळेत करून दाखवते.